शब्द टिकतो तो गोठ्यात

मराठी शब्द मरत आहेत आणि त्यांना इंग्रजी मारते आहे, हे विधान आपल्या व्यासपीठांवरून इतक्या वेळा होते की त्याची शहानिशा करण्याची गरजच कुणाला वाटेनाशी झाली आहे. शहानिशा करायची तर एक चांगला साक्षीदार हाताशी आहे. तो म्हणजे खुद्द इंग्रजी. ही भाषाही एकेकाळी परक्या सत्तेखाली होती. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि पुढे सुमारे तीनशे वर्षे तिथला दरबार, न्यायालये आणि सरदारांचे वाडे फ्रेंचच्या छायेत राहिले. न्यायालयातले युक्तिवाद इंग्रजीत व्हावेत असा कायदा व्हायला १३६२ साल उजाडावे लागले. या उलथापालथीत इंग्रजीतले कोणते शब्द गेले आणि कोणते राहिले, हे तपासायला जनावरांच्या जुन्या शब्दांइतका बोलका पुरावा नाही. जनावराशी त्या काळी सगळ्यांचाच संबंध होता. राजा शिकार करी, आचारी शिजवी, गुराखी राखी. तिघांचे शब्द वेगळे होते आणि त्या शब्दांचे नशीबही वेगळे निघाले. त्याकडे नीट पाहिले की माझ्या मते एकच निष्कर्ष निघतो. परकी भाषा शब्दाला धक्का देते, कधी बाजूलाही सारते. पण त्याचा जीव जातो तो त्याच्यामागचे काम थांबल्यावर.

आधी एक घोळ निस्तरला पाहिजे. अर्थ बदलला म्हणजे शब्द मेला असे नाही. आज आपण ‘डिअर’ म्हणजे हरीण असे शिकतो. जुन्या इंग्रजीत ‘डेओर’ म्हणजे कोणतेही जनावर. जर्मनमध्ये ‘टीअर’चा अर्थ आजही प्राणी असाच आहे. शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’मध्येसुद्धा उंदीर-घुशींसारख्या क्षुद्र जिवांना हाच शब्द लावलेला सापडतो. शिकारीतले मुख्य जनावर हरीण, म्हणून सगळ्यांचे नाव हळूहळू एकट्या हरणाला चिकटले. यात आपल्याला नवल वाटायचे कारण नाही, कारण नेमके हेच आपल्या ‘मृग’ शब्दाचे झाले. सिंहाला मृगराज म्हणतात तो काही हरणांचा राजा म्हणून नव्हे, आणि शाखामृग म्हणजे फांदीवरचे हरीण नव्हे, माकड. मृग म्हणजे मुळात रानातला पशू. शेजारच्या कन्नडमध्ये प्राणिसंग्रहालयाला आजही मृगालय म्हणतात, मराठीत मात्र मृग म्हटले की डोळ्यांसमोर हरीणच उभे राहते. हजारो मैल अंतरावरच्या दोन भाषांत एकच वाट दिसते, कारण दोन्हीकडे शिकाऱ्याची नजर एकाच जनावरावर होती. ‘फाउल’ म्हणजे एकेकाळी कोणताही पक्षी आणि ‘बर्ड’ म्हणजे पिल्लू. पुढे पिल्लाचे नाव सगळ्या पक्ष्यांना मिळाले आणि ‘फाउल’ कोंबड्या-बदकांच्या खुराड्यात येऊन बसला. ‘हाउंड’ म्हणजे कुत्रा. नंतर तो फक्त शिकारी कुत्र्यापुरता उरला आणि ज्याचा उगम आजही सापडत नाही तो ‘डॉग’ सर्वत्र पसरला. या अदलाबदलीत इंग्रजीचे काही गेले नाही. जिथून एक शब्द उठला तिथे दुसरा बसला. अशा बदलांबद्दल हळहळणाऱ्यांशी माझे जमत नाही.

शब्द खरोखर जातो तेव्हाही परका माणूस जवळपास असतोच असे नाही. अस्वलाचे उदाहरण घ्या. संस्कृतातला ‘ऋक्ष’, ग्रीकमधला ‘आर्क्टोस’ आणि लॅटिनमधला ‘उर्सुस’ हे एकाच कुळातले शब्द. इंग्रजीच्या पूर्वजांकडेही त्यांचा भाऊ असणार, पण तो नाहीसा झाला आणि त्याच्या जागी आला ‘बेअर’. बहुतेक भाषातज्ज्ञ त्याचा अर्थ ‘तपकिरी’ असा लावतात. रशियन माणसाने अस्वलाला ‘मेद्वेद’, म्हणजे मध खाणारा, असे नाव दिले. कारण एकच सांगितले जाते: नाव घेतले तर ते समोर येईल ही भीती. आपल्याकडे खेड्यात संध्याकाळनंतर सापाला साप न म्हणता ‘जनावर’ म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. उत्तर युरोपच्या अरण्यात राहणाऱ्यांनी धाकापोटी स्वतःचाच शब्द गिळला. फ्रेंचमध्ये कोल्ह्याच्या जातीच्या प्राण्याला ‘गुपील’ म्हणत. मध्ययुगात रेनार नावाच्या लबाड कोल्ह्याच्या कथा इतक्या लोकप्रिय झाल्या की त्या पात्राचे विशेषनामच प्राण्याचे नाव झाले आणि ‘गुपील’ संपला. एकीकडे भीतीने, दुसरीकडे गोष्टीने शब्द घालवला. माणसाचे जनावराशी नाते बदलले की नाव बदलते, हे या दोन्हींत समान आहे.

आता नॉर्मन राज्याकडे वळू. सर वॉल्टर स्कॉटच्या १८१९ साली आलेल्या ‘आयव्हनहो’ या कादंबरीत वाम्बा नावाचा विदूषक डुकरे राखणाऱ्या गर्थला एक गोष्ट समजावून सांगतो. जनावर जिवंत असते आणि गुलाम त्याची देखभाल करतो तोवर त्याचे नाव इंग्रजी. ते कापून मालकाच्या ताटात गेले की नाव फ्रेंच. ‘काऊ’ आणि ‘ऑक्स’चे ‘बीफ’, ‘शीप’चे ‘मटन’, ‘काफ’चे ‘व्हील’, ‘स्वाइन’चे ‘पोर्क’. ‘शीप’-‘मटन’सारखी भर पडलेली ही जोडी-जोडीची यादी तेव्हापासून शाळाशाळांतून फिरते आहे. तिच्यावर अभ्यासकांचा आक्षेप आहे आणि तो रास्त आहे. ही वाटणी १०६६ नंतर लगेच झाली नाही. मध्ययुगात आणि नंतरही बराच काळ ‘बीफ’ हा शब्द जिवंत बैलालाही वापरत, ‘मटन’ जिवंत मेंढीलाही. आजच्यासारखी पक्की विभागणी पुढच्या शतकांत स्वयंपाकाच्या आणि मेजवान्यांच्या रीतीतून झाली. पण हा आक्षेप मान्य केल्यावर उरते ते अधिक महत्त्वाचे आहे. तीनशे वर्षे राज्य करूनही फ्रेंचला गोठ्यात पाऊल टाकता आले नाही. गाय, बैल, वासरू, मेंढी, कोकरू, बोकड, कोंबडी, हंस या सगळ्यांची रोजच्या वापरातली इंग्रजी नावे आजही नॉर्मनपूर्व काळातली आहेत. राजाची भाषा शेण काढणाऱ्यावर लादता येत नाही, कारण राजाला त्या कामाशी घेणेदेणेच नसते.

जिथे मालकाने स्वतः हात घातला तिथे मात्र त्याचे शब्द आले. शिकार आणि ससाणे पाळणे हा सरदारांचा छंद, म्हणून ससाण्यांचा बहुतेक शब्दसंग्रह फ्रेंच वळणाचा. घरट्यातून उचललेले पिल्लू ‘आयस’, नर ‘टिअर्सेल’, मोठेपणी रानातून धरलेला पक्षी ‘हॅगर्ड’. पाळीव ससे तर नॉर्मन लोकांनीच मांसासाठी आणि कातड्यासाठी इंग्लंडमध्ये आणले. जुन्या इंग्रजीत त्यांना शब्दच नव्हता, म्हणून जनावराबरोबर ‘कोनी’ हे नावही फ्रेंचमधून आले. ‘रॅबिट’ हा तेव्हा फक्त पिल्लाला लावायचा शब्द. पुढे ‘कोनी’ मागे पडला आणि पिल्लाच्या नावाने सगळी जात ओळखली जाऊ लागली. नवी वस्तू जो आणतो, नाव त्याचे, हा साधा व्यवहार आहे. आणि आणखी एक वर्ग होता जिथे परक्या शब्दांनी मुसंडी मारली: सर्वसाधारण नावांचा. ‘डेओर’ मागे पडला तेव्हा सगळ्या प्राण्यांसाठी आधी फ्रेंचमधून ‘बीस्ट’ आला, नंतर लॅटिनमधून ‘ॲनिमल’. प्राणिमात्राविषयी एकत्र बोलायचे काम धर्मगुरूंचे आणि विद्वानांचे होते, आणि त्यांची भाषा लॅटिन-फ्रेंच होती. गुराख्याला ‘प्राणिमात्र’ या शब्दाची गरज दिवसातून किती वेळा पडणार? त्याला गरज होती ती कालवड आणि गोऱ्हा यांतला फरक सांगणाऱ्या शब्दांची. ते त्याच्याजवळ होते आणि ते त्याने सोडले नाहीत.

उत्तर इंग्लंडच्या मेंढपाळांकडे हे सगळ्यांत स्पष्ट दिसते. कंब्रिया आणि यॉर्कशरच्या डोंगरांत मेंढ्या मोजायला ‘यान, टॅन, टेथेरा, मेथेरा, पिंप’ असे अंक वापरत. त्यांतला ‘पिंप’ म्हणजे पाच, वेल्श भाषेतल्या पाचाचा उच्चार जवळजवळ तोच, आणि आपला ‘पंच’ही त्याच कुळातला. आजूबाजूला सगळे इंग्रजी बोलत असताना हे केल्टिक वळणाचे अंक फक्त मेंढ्यांपुरते चालत राहिले. लेक डिस्ट्रिक्टमध्ये हर्डविक जातीच्या मेंढ्या पाळणाऱ्यांचे शब्द आजही असेच जिवंत आहेत. आईचे दूध तुटल्यापासून पहिल्या लोकरकापणीपर्यंतचे कोकरू म्हणजे ‘हॉग’. शाळेत हॉग म्हणजे डुक्कर एवढेच शिकलेल्याची इथे पंचाईत होईल. पहिली कापणी झाली की ते ‘शिअरलिंग’. अजून न व्यायलेली तरुण मादी ‘गिमर’, नर ‘टप’, खच्ची केलेला नर ‘वेदर’. लंडनच्या सुशिक्षित माणसाला यांतला एखादाही शब्द ओळखता आला तर कौतुक. पण तिथल्या लिलावात ते रोज लागतात, कारण हॉग आणि गिमर यांच्या किमतीत फरक आहे. ज्या फरकावर पैसे अवलंबून असतात तो सांगणारा शब्द कुणी विसरत नाही.

याच डोंगरांतला एक शब्द मला सगळ्यांत मोलाचा वाटतो: ‘हेफ्ट’. उघड्या डोंगरावर भिंत नाही, कुंपण नाही, तरी प्रत्येक कळप आपापल्या चराईच्या टापूतच राहतो. मेंढीने तो टापू आपल्या आईच्या मागे हिंडून ओळखलेला असतो आणि ती तो आपल्या कोकराला ओळखवते. त्या टापूला आणि कळपाच्या त्या सवयीला मेंढपाळ ‘हेफ्ट’ म्हणतात. म्हणजे या शब्दाचा अर्थ कोशात जेमतेम दोन ओळींचा, आणि खरा साठा मेंढीच्या आठवणीत. २००१ साली ब्रिटनमध्ये लाळ-खुरकुताची साथ आली. ती आवरायला साठ लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली आणि सर्वाधिक फटका कंब्रियाला बसला. कुठे कुठे सगळे कळप गेले. नव्या मेंढ्या विकत आणता आल्या, पण त्यांना डोंगर ठाऊक नव्हता. मेंढपाळांना त्यांच्यामागे राहून, तात्पुरती कुंपणे घालून, वर्षानुवर्षे तो शिकवावा लागला. त्या साथीत ‘हेफ्ट’ हा शब्द कोणत्याही कोशातून वगळला गेला नव्हता. तरी तो शब्द मृत्यूच्या दारात होता, आणि त्याला वाचवले ते मेंढपाळांच्या पायांनी. ‘पीटर रॅबिट’च्या लेखिका बिअॅट्रिक्स पॉटर यांना हे कितीतरी आधी उमगले होते. त्या स्वतः हर्डविक मेंढ्या जोपासत आणि १९४३ मध्ये निधन झाल्यावर त्यांची चार हजारांहून अधिक एकर जमीन नॅशनल ट्रस्टकडे गेली, ती तिथे हर्डविक मेंढ्या राहाव्यात या इच्छेसह. त्यांनी जनावरे राखायची सोय केली आणि त्यातून शब्दांचीही सोय झाली.

आता उलट बाजू. १८५१ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये शहरी वस्ती पहिल्यांदा ग्रामीण वस्तीहून जास्त भरली. त्यानंतर माणूस आणि जनावर यांतले अंतर वाढतच गेले. २००७ च्या ‘ऑक्सफर्ड ज्युनिअर डिक्शनरी’तून पाणमांजर, खंड्या, बगळा, चंडोल, हंसाचे पिल्लू यांची इंग्रजी नावे गळली आणि ब्लॉग, ब्रॉडबँड, चॅटरूम आले. २०१५ मध्ये मार्गारेट ॲटवुड यांच्यासह अनेक लेखकांनी त्याविरुद्ध जाहीर पत्र लिहिले. प्रकाशकांचे म्हणणे असे की कोशात मुलांच्या वापरातले शब्द असावेत. त्या लेखकांच्या वेदनेशी मी सहमत आहे, पण दोष कोशकारावर ढकलून चालणार नाही. त्याआधी २००२ मध्येच केंब्रिजच्या संशोधकांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिले होते की आठ वर्षांच्या ब्रिटिश मुलांना आसपासच्या प्राणी-वनस्पतींपेक्षा पोकेमॉनमधली काल्पनिक पात्रे जास्त ओळखता येतात. यांतल्या एकाही शब्दावर फ्रेंचचे किंवा आणखी कुणाचे आक्रमण झाले नव्हते. स्वतःची भाषा जगाच्या शिखरावर असताना इंग्रजांच्या मुलांनी आपल्याच नदीकाठचे शब्द गमावले.

यावर एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. काम थांबले तरी शब्द रूपकात जगतात, असे कुणी म्हणेल. गळ्यात घंटा बांधून कळपाच्या पुढे चालणाऱ्या खच्ची मेंढ्याला ‘बेलवेदर’ म्हणत. आज शेअर बाजार आणि निवडणुकांचे विश्लेषक दिशा दाखवणाऱ्या कंपनीला किंवा मतदारसंघाला तो शब्द लावतात. ससाण्यांनी पिसे गाळायच्या जागेला ‘म्यूज’ म्हणत; पुढे तिथे घोड्यांचे तबेले आले, आता लंडनमधल्या महागड्या गल्ल्यांची ती नावे आहेत. ‘हॅगर्ड’ म्हणजे आज खंगलेला, ओढलेल्या चेहऱ्याचा माणूस. आपणही महागाईला वेसण घालतो, पक्ष आमदारांना दावणीला बांधतो, भाकड कथा ऐकतो. हे सगळे खरे आहे. पण रूपकात जागा मिळते ती थोड्यांना, आणि तीही ज्यांचा जनावर न पाहिलेल्याला उपयोग आहे अशांनाच. वेसण राहते, कारण सत्तेबद्दल बोलायला ती सोयीची. अजून न व्यायलेल्या शेळीला ‘पाट’ म्हणतात, तिच्यावरून कोण रूपक करणार? शिवाय रूपकातला शब्द आतून पोकळ होत जातो. वेसण नाकातून ओवतात की गळ्यात अडकवतात हे ज्याला सांगता येत नाही, त्याच्या लेखी महागाईची वेसण म्हणजे नुसता आवाज.

दुसरा आक्षेप अधिक जवळचा आहे. तुमचे इंग्लंड राहू द्या, आमच्या गोठ्यात तर खरोखर इंग्रजी शिरली आहे, असे म्हणता येईल. एचएफ, जर्सी, क्रॉसब्रीड, सीमेन हे शब्द आज गावोगाव ऐकू येतात. पण ते कसे आले ते पाहा. त्या जाती बाहेरून आल्या, रेतनाचे तंत्र बाहेरून आले, त्यांच्यासोबत नावे आली; नॉर्मनांच्या सशासोबत ‘कोनी’ आला तशीच. आणि त्याच गोठ्यात, त्याच जर्सीचे मादी वासरू ‘कालवड’च असते, गाय ‘गाभण’च राहते, दूध आटले की ‘भाकड’च होते आणि व्यायल्यावरच्या चिकाचा ‘खरवस’च होतो. म्हशीचे रेडकू, वगार, शेळीचे करडू, मेंढीचे कोकरू यांना इंग्रजीने बोटही लावलेले नाही. बैलगाडा शर्यतींवरची बंदी उठल्यावर दुधाचे दात न पडलेला ‘आदत’ आणि दोन दाती ‘दुसा’ हे शब्द जाहिरातींच्या फलकांवर पुन्हा झळकू लागले. शर्यतींबद्दल कुणाचे मत काहीही असो, शब्द परतले ते भाषाप्रेमामुळे नव्हे, बैल परतल्यामुळे. देवाणघेवाण उलट दिशेनेही होते. इंग्रजीतला ‘मंगूस’ हा मराठीतल्या मुंगसावरून गेलेला आहे. त्यांच्या देशात हा प्राणी नव्हता, त्यांनी तो इथे, आपल्या माणसांच्या तोंडून त्याचे नाव ऐकत पाहिला.

मग उपाय काय? कुणी धनगराने कोश समृद्ध राहावा म्हणून उन्हापावसात मेंढरांमागे चालत राहावे, असे सांगण्याचा अधिकार शहरात बसलेल्या कुणालाही नाही. त्याच्या मुलांना शिकून दुसरे काम करायचे असेल तर ती त्यांची निवड आहे आणि भाषेच्या हळहळीने तिच्या आड येऊ नये. ज्यांना हे काम करायचे आहे त्यांच्या चराईच्या जमिनी आणि जनावरांचे बाजार टिकवणे हे मात्र भाषेचेही काम आहे, हे साहित्यसंस्थांनी मान्य करावे. मराठीला २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्यानिमित्ताने जे प्रकल्प होतील, त्यांत गुरे, शेळ्या-मेंढ्या आणि कोंबड्या यांच्याशी निगडित शब्दांचा एक कोश असावा. तो ग्रंथालयात बसून होणार नाही. भाषेच्या अभ्यासकांनी पशुवैद्यकांना सोबत घेऊन धनगरवाड्यांवर, बैलबाजारांत आणि दूध संकलन केंद्रांवर जावे लागेल, आणि प्रत्येक शब्दापुढे अर्थासोबत तो कोणत्या कामात, कोणत्या वेळी वापरतात तेही नोंदवावे लागेल. त्याची वाट न पाहता वाचकांनाही एक गोष्ट करता येईल. ज्यांच्या घरी गुरे राखलेले आजी-आजोबा अजून आहेत, त्यांनी त्यांना एखाद्या गोठ्यात न्यावे, शिंगापासून खुरापर्यंत एकेकाचे नाव विचारावे, आणि ते नाव कशासाठी लागत असे तेही लिहून घ्यावे.